शनिवारचं गाऱ्हाणं

मी नकला चांगल्या करायचो, आणि त्यातली एक नक्कल मी करायला नको होती. कदमबाईंविषयी लिहायला बसलं की पहिलं हेच वाक्य येतं आणि त्याच्यापुढे हात चालत नाही. बाईंनी आमच्या गावात बायकांना बोलायला एक जागा करून दिली होती. ती मी एका संध्याकाळी, दहा माणसांना हसवण्यासाठी, मोडली. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण वाईट करायचं नसताना हातून जे होतं त्याचं काय करायचं, हे मला आता चाळिशी उलटल्यावरही कळलेलं नाही.

तोंडवलीच्या अलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे आमचा गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. देशाला स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. सरकारी दवाखान्यात सुईणकाम शिकलेली एक नर्स येणार असं कळलं आणि पाठोपाठ कदमबाई आल्या. घाटावरच्या, सातारा बाजूच्या. उंच, हाडापेराने मोठ्या, कपाळ मोकळं. उन्हात, पावसात, थंडीत हातात काळी छत्री. ती त्या क्वचितच उघडायच्या. तिचा उपयोग कुत्री हाकलायला आणि लोकांची दारं वाजवायला. कुणाच्या घरी गेल्या की आधी पाणी मागायच्या आणि तांब्या रिकामा करूनच उंबरा ओलांडायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, इतकी तहान लागते?"

"तहान कसली? आल्या आल्या नर्स आत शिरली की घरातली माणसं घाबरतात. पाणी मागितलं की पाहुणी होते."

मालवणी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. 'बरो' हा एक शब्द त्यांनी उचलला होता आणि तो त्या सगळ्याला लावायच्या. बाळ बरो, बाळंतीण बरो, पेज बरो. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. बाईंना ते समजायचं, तरी त्या बदलत नसत. मला वाटतं, बायका हसाव्यात म्हणूनच त्या तसं बोलत असाव्यात. पण त्यांच्याबद्दल 'मला वाटतं' याच्या पलीकडे मी कधी गेलो नाही.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी शाळेची एक खोली बाईंना हवी होती, गरोदर बायकांच्या वर्गासाठी. किल्ली माझ्याकडे. त्या दारात येऊन म्हणायच्या, "गुरुजी, किल्ली." एवढंच.

सुरुवातीला बायका आल्या त्या दुधाच्या पावडरीसाठी. सरकारकडून डबे यायचे. बाईंनी नियम केला, वर्गाला बसेल तिला पावडर. म्हणून बसायच्या, मुलांच्या बाकांवर, पोटं सांभाळत, तिरप्या. बाईंच्या पिशवीत चिंध्यांची एक बाहुली असायची आणि एक तपकिरी लोकरीचा स्वेटर. आमच्या किनाऱ्यावर स्वेटर कुणी पाहिलेला नव्हता. बाईंच्या भावाचा तो जुना स्वेटर. त्याच्या पोटात त्या बाहुली घालायच्या आणि गळ्याच्या तोंडाकडे हळूहळू सरकवायच्या. घट्ट विणलेला गळा ताणत ताणत उघडायचा, बाहुलीचं डोकं दिसायचं, मग खांदा, मग सगळी बाहुली बाईंच्या हातात. "बघा. फाटला का गळा? लोकर ताणते आणि परत आपल्या जागी येते. घाई करणारा हात असला तर मात्र फाटेल."

मागच्या बाकावरून रुक्मीण म्हणाली, "बाये, तुजी लोकर गो. आमचा मांस." रुक्मीण होडीवाल्यांच्या वाडीतली, डोकीवर मासळीची पाटी घेऊन गावभर फिरणारी. तिची ही तिसरी खेप होती. ती कुणाला घाबरायची नाही.

"तुझं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मला दुसरं काही सापडलं नाही."

"तुका किती पोरां गो?"

"एकही नाही. मी काठावर उभी राहून पोहायला शिकवते."

"मगे आमी बुडलंव तर?"

"तर मी काठावरून ओरडेन."

यावर रुक्मीण जी हसली ती सगळा बाक हलला. तेव्हापासून पावडर नसली तरी ती यायला लागली.

पण त्याच स्वेटरमुळे पारू नावाची एक पोर पळाली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तोवर ती हसतखेळत होती, पोटात काय आहे याची तिला फारशी दखलच नव्हती. गळ्यातून डोकं येताना तिने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माहेरी पिंगुळीला निघून गेली. ती जेवत नाही, झोपत नाही, असा निरोप आला. तिची सासू शाळेच्या दारात येऊन बाईंना म्हणाली, "आमच्या चेडवाक भय म्हायत नाय होता. तां तुमी शिकवलात." बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पारूचं पुढे सुखरूप झालं. पण त्यानंतर दोन-तीन शनिवार स्वेटर पिशवीतच राहिला. मग पुन्हा बाहेर आला.

मी विचारलं, "बाई, तुम्ही भीती घालवता की घालता?"

"दोन्ही होतं, गुरुजी. कुणाचं काय होईल ते आधी कळत नाही. न सांगावं तर अंधारात ढकलल्यासारखं वाटतं. सांगावं तर असं."

इतक्या मोठ्या छत्रीच्या बाईने असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. खरं तर राग आला. शिकवणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, असं मी तेव्हा मानत होतो.

कुणी विचारलं, 'सगळा बरा होतला मा?' तर त्या कधीही हो म्हणत नसत. म्हणायच्या, "ते मला ठाऊक नाही. मी तिथे असेन, एवढं ठाऊक आहे."

त्यांची एक अडचण होती. "तुम्हांला कसली भीती वाटते?" असं विचारलं की सगळ्या बायका एकमेकींकडे बघत, हसत आणि गप्प बसत. रुक्मीणसुद्धा. मग नारळी पौर्णिमेला नवी होडी पाण्यात घालताना बाई आमच्याबरोबर किनाऱ्यावर होत्या. गावच्या मानकऱ्याने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि प्रत्येक वाक्याला सगळी माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणाली. बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे काय असतं?"

मी सांगितलं. काहीही सुरू करताना देवापुढे बोलायचं. काय पाहिजे, कसली धास्ती आहे, कुणाचं काय चुकलं, सगळं. बाकीच्यांनी होकार भरायचा.

"मधे कोणी बोलत नाही?"

"नाही."

"हसत नाही?"

"गाऱ्हाण्याला कोण हसेल?"

पुढच्या शनिवारपासून बाईंच्या वर्गात गाऱ्हाणं सुरू झालं. म्हणजे ती कल्पना माझ्याच तोंडून त्यांच्याकडे गेली. हे मी तेव्हा चार लोकांना अभिमानाने सांगितलंही असतं, पण गाऱ्हाणं घालायचं ते पुरुषाने, मानकऱ्याने, देवळात. पोटुशा बायका शाळेच्या खोलीत ते घालतात हे बाहेर सांगण्यासारखं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बायकांनाही ठाऊक होतं. आधी दार उघडं असायचं, पडवीतून जाता-येता मला सगळं दिसायचं; आता त्या दार लावून घ्यायच्या.

माझी बायको शालू त्या वर्गाला जात होती. ती आरोंद्याची. ती लहान असताना तिची आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणात गेली. तेव्हा शालू दिवसभर मागच्या पायरीवर बसून आईचं ओरडणं ऐकत होती. मग ओरडणं थांबलं. हे तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. आई नाही म्हटल्यावर पहिलटकरीण असून ती माहेरी जायची नव्हती. आमच्या घरीच सगळं व्हायचं होतं, माझ्या आईच्या हाताखाली.

वर्गाने शालूचं काय केलं ते मला उमगत नव्हतं. एखाद्या शनिवारी घरी येताना ती गुणगुणत यायची. माझ्या आईला श्वास कसा सोडायचा ते करून दाखवायची. आई म्हणायची, "आमी काय श्वास घेतलंव नाय गो, पोरांका जल्माक घालताना?" दुसऱ्या शनिवारी शालू येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. विचारलं तर, "काय नाय. बरा वाटता." रडवेल्या डोळ्यांनी 'बरा वाटता' म्हणणाऱ्या बाईला पुढे काय विचारायचं?

एकदा ती म्हणाली, "सगळ्यांनी घातल्यानी. माजाच गाऱ्हाणा रवला. फुडल्या शनवारी घालतलंय."

"काय घालतलंस?"

"तां थंयच सांगतलंय. घरात सांगूक येणा नाय." आणि हसली. त्या हसण्यात मी नव्हतो. ते मला लागलं असावं. माझ्या हातून पुढे जे झालं त्याला हेच कारण होतं की नुसती खोड, हे मी अनेकदा तपासून पाहिलं आहे.

त्याच दुपारी, वर्ग चालू असताना, मी शाळेच्या पडवीत उभा राहून चोरून ऐकलं होतं. रुक्मीणचं गाऱ्हाणं चाललं होतं. खड्या आवाजात, मानकऱ्यासारखं.

"माज्या सासयेक झील होयो, घोवाक झील होयो!"

"व्हय म्हाराजा!"

"माका चेडू होया म्हाराजा! झील झालो तर दर्यावर जातलो, आणि मी वाट बघीत बसतलंय!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कळो येतत तेवा माज्या तोंडातसून गाळी भायर पडतत, त्यो सासयेन मनार घेव नये, असा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आत एकही बाई हसली नाही. बाहेर मी तोंडावर हात दाबून कसंबसं हसू आवरलं.

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आमच्या नाटकाची तालीम होती. तालीम रंगेना. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, कायतरी करून दाखवा रे." मी टॉवेल गुंडाळून पोटावर बांधला, दुसरा डोक्यावर घेतला, आणि कमरेवर हात ठेवून रुक्मीण झालो. गाळी भायर पडतत, या शिव्यांच्या वाक्याला मी कळ आल्यासारखा वाकलो. माणसं लोळली. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी मला साथ दिली. देवाच्या पुढ्यात. मला इतकं बरं वाटलं, की चेडू होया, मुलगी हवी, हे तिचं वाक्य मी गाळलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. ते हसण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांत सगळीकडे झालं. रुक्मीणचा नवरा तिच्याशी बोलेना. मानकरी म्हणाले, "बायकांनी गाऱ्हाणा? आणि त्या परिस्थितीत? उद्या कोणाचा वायट झाला तर देवाक दोष देतल्यात?" सासवांनी सुना घरात ठेवल्या. पुढच्या शनिवारी बाईंनी किल्ली मागितली तेव्हा मी खाली बघत दिली. त्यांना सगळं कळलेलं होतं. गावात कळत नाही असं काही नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, आज हवा बरी आहे."

वर्गाला एकटी शालू गेली. आणि थोड्या वेळात परत आली. एकटीच्या गाऱ्हाण्याला होकार कोण भरणार? ती ओटीवर बसली आणि म्हणाली, "तुमी रुक्मिणीची नक्कल केल्यात?"

"अगो, गंमत होती ती."

"बरी केल्यात म्हणतत लोक." पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

तिचे दिवस भरले. एका सकाळी आई म्हणाली की पोट दुखतंय वाटतं, पण अजून वेळ आहे. शालू आतल्या खोलीत. आवाज नाही. मी दोनदा विचारलं, बाईंना बोलावू का? आई म्हणाली, "खंयचा काय! तोंडातसून हूं नाय की चूं नाय. खरी कळ इली की कळतला तुका. घाई नको करू." दुपार झाली. आईने आत जाऊन पाहिलं आणि बाहेर आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. "धाव रे, झिला. बाईंक घेवन ये."

बाई आल्या. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही.

मी अंगणात उभा होतो. आतून फक्त बाईंचा आवाज येत होता. "शालू, श्वास धरू नकोस. सोड. ओरड. अगं, ओरड की! पोराला कोंडू नकोस." आणि उत्तरादाखल काही नाही. मला आमच्या माडांच्या झावळ्या वाजताना ऐकू येत होत्या, इतकं काही नाही.

मग बाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत मी ती नजर विसरलेलो नाही. रागाची नव्हती. त्यांना काहीतरी करून बघायचं होतं आणि ते चालेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

"गुरुजी, तुम्ही इथून जा."

"मी? मी काय केलं?"

"समुद्रावर जा. आणि जाताना तिला ऐकू जाईल असं सांगून जा."

तेव्हा मला कळलं. बायको ओठ का दाबून होती ते मला कळलं. किंवा कळलं असं वाटलं. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि ओरडलो, "शालू, मी जातंय गो! दर्यार जातंय! हय कोण नाय आता!" आणि धावलो. सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत जाऊन बसलो. समुद्र त्या दिवशी मोठा होता. त्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नव्हतं. मी कान लावून बसलो होतो, पण ऐकू यावं अशी माझी इच्छा होती की येऊ नये, ते सांगता येत नाही.

मुलगी झाली. नाळेचा वेढा होता, अंग निळं पडलं होतं, बाईंनी तिला उलटी धरून, पाठ चोळून रडवली. शालूने आवाज केला का? आई म्हणते, "बोंबलली ती! सगळी वाडी जमली." पण आई कुठलीही गोष्ट मोठी करून सांगते. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला आठवत नाही, मी कामात होते." शालूला मी आजवर विचारलेलं नाही.

बाईंनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतरही दर शनिवारी दारात यायच्या. "गुरुजी, किल्ली." रिकाम्या खोलीत टेबलावर स्वेटर ठेवून बसायच्या. पावडर न्यायला बायका दारापर्यंत यायच्या आणि डबा घेऊन परतायच्या. त्यांच्याशी बाई पायरीवर चार वाक्यं बोलायच्या. मग किल्ली परत. असं दोन-अडीच वर्षं चाललं. हा त्यांचा हट्ट होता, की माझ्यासाठी शिक्षा, की त्यांना खरोखर वाटत होतं की कुणीतरी येईल? एकदा धीर करून म्हणालो, "बाई, कोणी येत नाही. कशाला बसता?"

"मी तिथे असेन, असं सांगितलंय ना सगळ्यांना."

शालूला पुन्हा दिवस गेले. तेव्हाच बाईंच्या बदलीचा हुकूम आला, घाटावर. शालूने हे ऐकलं, मुलीला माझ्या आईकडे दिलं आणि थेट होडीवाल्यांच्या वाडीत रुक्मीणकडे गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "येत्या शनवारी वर्ग आसा. रुक्मीण सगळ्यांका घेवन येतली. पण तिची एक अट आसा."

"काय?"

"ती म्हणता, मास्तरान आमचा गाऱ्हाणा आयकल्यान. आता आमी मास्तराचा आयकतलंव."

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते एस.टी.च्या खिडकीत. गाडीत शिरताना त्यांची छत्री दारात अडकली आणि कंडक्टर वैतागला. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "गुरुजी, किल्ली दिली ना मी?" दिली होती. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "बरो." एवढंच. त्यांचा स्वेटर आमच्या घरी आहे. तो त्यांनी शालूला दिला, का दिला ते सांगितलं नाही. आमच्याकडे थंडी पडत नाही.

पण त्याच्या आधीचा तो शनिवार सांगायचा राहिला.

खोली भरली होती. नव्या पोटुशा बायका होत्या, आणि काही जुन्या, कडेवर मुलं घेऊन. रुक्मीण पुढच्या बाकावर, कडेला तिची मुलगी. तिला चेडूच झालं होतं. शालू खिडकीपाशी. बाई मागे, भिंतीला टेकून, पोरासारख्या अवघडून. मी फळ्यासमोर उभा राहिलो, जिथे मी रोज उभा राहायचो. मला मानकऱ्याचा आवाज हुबेहूब काढता येतो, पण तो निघेना. कुणाचाच निघेना. जो निघाला तो बारीक, चिरका, मलाही अनोळखी होता.

"बा देवा म्हाराजा, मी ह्या शाळेचो मास्तर."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बायकांनी आपला भय तुज्या पुढ्यात ठेवलेला, तां मी दाराआडसून आयकलंय."

"व्हय म्हाराजा!" रुक्मीणचा आवाज सगळ्यांच्या वर.

"पोटार टॉवेल बांधून रुक्मिणीची नक्कल केलंय. लोक हसले, माका बरा वाटला."

"व्हय म्हाराजा!"

"तिका चेडू होया होता, तां मी सांगलंय नाय."

रुक्मीण मुलीचे केस सारखे करत होती. बाकीच्या बायका म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा, घाटावरच्या हेलात बाई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

"कदमबाईंचो वर्ग ओस पडलो तो माज्यामुळे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"माज्याच घरात माज्या बायलेक आरडूक भय वाटला. तां पण माज्यामुळे."

होकार भरायचं सोडून बायका शालूकडे बघायला लागल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या पाठीवरून मला काही कळत नव्हतं. गाऱ्हाणं देवाला घालतात, माणसाला नाही, आणि मधेच थांबवतही नाहीत. पण मी देवाला तसंच सोडलं आणि तिच्याकडे वळलो.

"शालू," मी म्हटलं, "माजा चुकला गो. ह्या खेपेक तुका होया तितक्या आरड. मी हसूचंय नाय. मी भायर, अंगणातच आसतलंय. नको म्हणशीत तर दर्यार जातलंय. माका माफ कर."